हँडब्रेकचा आवाज केबल आवळून जात नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला, सोयाबीन घरी आलं आणि तालुक्याच्या गॅरेजांत दरवर्षीची तक्रार सुरू झाली: मागच्या चाकातून आवाज येतो. कुणाच्या गाडीत खर्र खर्र, कुणाची सकाळी हलवताना टण्णकन वाजते, कुणाचं चाक हँडब्रेक सोडल्यावरही घासत राहतं. त्यावरचा इलाजही ठरलेला. मेस्तरी गाडीत बसतो, हँडब्रेकच्या दांड्याखालचं कव्हर उचलतो, केबलचा नट पान्याने तीन-चार फेरे फिरवतो आणि पाच मिनिटांत गाडी बाहेर. आवाज बदलतो, कधी चार दिवस बंदही होतो. बिघाड मात्र ड्रमच्या आत तसाच बसून असतो. तो नट दुरुस्तीतलं शेवटचं काम आहे. आपल्याकडे तो पहिलं आणि एकमेव काम होऊन बसला आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

गावाकडे फिरणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. त्याच्या आत दोन अर्धगोल शू, आणि शूवर ड्रमला घासणारा जो थर असतो तो लायनर. पायाने ब्रेक दाबला की व्हील सिलिंडर ब्रेक ऑइलच्या दाबाने शूंना फाकवतो. हँडब्रेक ओढला की केबल मागच्या शूवर बसवलेला एक पट्टीसारखा लिव्हर ओढते, तो मधल्या आडव्या पट्टीला रेटतो आणि त्या रेट्याने दोन्ही शू ड्रमला भिडतात. शू तेच, ड्रम तोच, ओढणारा तेवढा वेगळा. दांडा खाली टाकल्यावर हा लिव्हर पूर्ण मागे येऊन शूच्या कडेला टेकला पाहिजे. सगळी मेख इथेच आहे. नट नको तेवढा आवळलेल्या गाडीचा ड्रम काढून आत टॉर्च मारा. लिव्हरची टाच आणि शूची कड यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट दिसेल. ती फट म्हणजे कायमचा अर्धवट ओढलेला हँडब्रेक. शू मागे जात नाहीत, चाक घासतं, ड्रम तापतो. शिवाय झीज आपोआप भरून काढणारा जो ॲडजस्टर असतो, तो लिव्हर जागेवर आल्याशिवाय पुढचा दात धरत नाही. तो अडकला की लायनर झिजेल तसा दांडा पुन्हा वर येतो, गिऱ्हाईक पुन्हा गॅरेजात येतं, नट पुन्हा आवळला जातो. असं दोन-तीनदा झालं की लायनर संपून लोखंड लोखंडावर घासायला लागतं.

उलटंही होतं. आवाज नको म्हणून नट इतका सैल सोडतात की दांडा दहा-बारा दात (ओढताना होणारी एक टिक म्हणजे एक दात) वर येतो आणि गाडी चढावर थांबत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९६ प्रमाणे चारचाकीला पायाचा आणि पार्किंगचा असे दोन स्वतंत्र, काम करणारे ब्रेक लागतात. आपला मुलूख सपाट म्हणून हँडब्रेककडे दुर्लक्ष होतं. पण हीच गाडी एक दिवस पाहुण्यांना घेऊन चिखलदऱ्याच्या घाटात उभी राहते.

आवाज ओळखायला पाना लागत नाही. काच खाली करा आणि भिंतीलगत, गाडी हळू हळू चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि डावं चाक की उजवं, ते कळतं; परतताना दुसरी बाजू भिंतीकडे येईल असं चला. चाकाच्या दर फेऱ्याला एकदाच खर्र होत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय, ड्रमची कड बॅकप्लेटला (ड्रममागची न फिरणारी पत्र्याची ताटली, जिच्यावर शू बसतात) एका जागी टेकतेय किंवा मध्ये खडा अडकलाय. सलग घासत असेल तर शू मागे येत नाही. ब्रेक दाबताना बारीक चिरका कूंऽऽ असा आवाज आला तर लायनरवर चमक चढली आहे, आत धूळ बसली आहे किंवा शू जिथे टेकतात त्या जागा कोरड्या पडल्या आहेत. रिव्हर्स घेऊन पुढे निघताना पहिल्या ब्रेकला एकच टक् येत असेल तर शू बॅकप्लेटवरच्या खाचेत अडकून सुटतोय. पांदण रस्त्यावर खडखडणारा, पण हँडब्रेक एक दात ओढला की गप्प होणारा आवाज बहुधा सैल केबलचा असतो. तिचा क्लिप तुटलेला असतो आणि ती गाडीच्या तळाला आपटते. ड्रमच्या आत शू धरून ठेवणारी खिळा-स्प्रिंग गेली असेल तरी असाच आवाज येतो. आणि दळणाच्या जात्यासारखी जाड घरघर आली तर लायनर संपलं. ती गाडी पुढे चालवू नका, कारण त्यानंतरचा दर किलोमीटर ड्रम खातो.

व्हील बेअरिंगचा घोटाळा इथेच होतो. बेअरिंगचा घूंऽऽ वेगाबरोबर वाढतो, वळणावर कमी-जास्त होतो, ब्रेकने फारसा बदलत नाही. खात्री करायची तर मागेपुढे कुणी नसलेल्या सरळ कोरड्या रस्त्यावर, ताशी १५ ते २० च्या वेगात, दांड्याचं बटण दाबून धरून हँडब्रेक अगदी हलका ओढा. बटण सोडायचं नाही, नाहीतर दांडा दात धरतो आणि मागची चाकं लॉक होतात. आवाज बदलला तर दोष ब्रेकमध्ये. डॅशबोर्डवरचा लाल दिवा दांडा पूर्ण खाली टाकल्यावरही जळत असेल तर आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. पुष्कळ गाड्यांत ऑइल कमी झालं की तोच दिवा लागतो. पातळी खाली गेली म्हणजे लायनर किंवा पॅड झिजले आहेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. नुसतं ऑइल ओतून दिवा विझवणं म्हणजे तक्रार दडपणं.

आता आपल्या भागात हे इतकं का होतं, ते सांगतो. काळी माती ओली असताना पिठाच्या गोळ्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. धुऱ्यापर्यंत गाडी नेली की ती चाकाच्या आतल्या बाजूला, बॅकप्लेटवर, केबलच्या तोंडाशी थापली जाते. बॅकप्लेटमध्ये ॲडजस्टरपर्यंत पोचण्यासाठी एक भोक असतं आणि त्यावर रबरी बूच असतं. हे बूच अंगठ्याच्या पेराएवढं. एखाद्या मेस्तरीने काढलं आणि परत लावलं नाही, की तिथून चिखल थेट ड्रममध्ये. वाळल्यावर त्याची बारीक रेती होते आणि लायनर व ड्रम दोन्हींवर रेघोट्या पडतात. ड्रम उघडल्यावर आत काळी पूड दिसली तर ती लायनरची. तपकिरी खडे आणि ढेकळं दिसली तर आधी बूच शोधा. जिनिंगच्या आवारात, कापसाच्या मार्केटात रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांत या पुडीला रुईचे तंतू मिळतात आणि स्प्रिंगांभोवती नमदा तयार होतो.

दुसरी गोष्ट खारपाणपट्ट्याची. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरचं पाणी खारट आहे. त्याच पाण्याने गाडी धुतली, तीही प्रेशरने चाकाच्या आत मारून, की मीठ ड्रमच्या कडेला, स्प्रिंगला आणि केबलला बसतं. पाणी उडून जातं, मीठ राहतं, दमट हवेत ते पुन्हा ओल धरतं आणि गंज चालू राहतो. या पट्ट्यातल्या लोकांनी निदान चाकाच्या आतली बाजू साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने धुवावी, बादलीभर पुरतं.

तिसरी, गाडी उभी राहणं. घरी मोटारसायकल असते, गाडी लग्नकार्याला निघते. टिनाच्या शेडखाली हँडब्रेक ओढून पंधरा दिवस उभी. एका रात्रीच्या पावसाने ड्रमवर चढणारा तांबूस गंज दोन-चार ब्रेकांत खरवडून निघतो. तो आजार नाही, त्या सकाळच्या खरखरीला घाबरू नका. पंधरा दिवस भिडलेला शू मात्र ड्रमला चिकटतो. मग माणसं एक्सलरेटर देऊन क्लच झटक्यात सोडतात, टण्णकन आवाज येऊन चाक सुटतं आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. लहान गाड्यांत लायनर बहुधा चिकटवलेलं असतं. गंजाने त्याची पकड आधीच सैल झालेली असते. त्या झटक्यात लायनर लोखंडी शूवरून सुटून ड्रममध्ये मोकळं फिरू लागतं, आणि रस्त्यात आडवं आलं तर चाक लॉक करतं. चिकटलेली गाडी पहिल्या आणि रिव्हर्स गिअरात हलकेच एक-एक वीत मागेपुढे हलवा. नाही सुटली तर चाक काढून ड्रमच्या कडेला चहूबाजूंनी लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने टिचका. जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढूच नका: सपाट जागा बघा, पहिल्या गिअरात टाका, दोन चाकांना पुढूनमागून दगड लावा. आणि स्टिअरिंगवर चिंधी बांधून ठेवा, म्हणजे दगड काढायची आठवण राहते. नाल्यातून गाडी काढल्यावर किंवा धुतल्यावर दोनशे मीटर हलका ब्रेक दाबत चालवली की ड्रम वाळतो; मग उभी करा.

आता उघडण्याकडे येऊ. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा धोंडे. वीट नको, ती चुरते. हँडब्रेक सोडायचा, गिअर न्यूट्रल. काळ्या मातीत जॅक लावायचाच नाही. इलाज नसेल तर खाली फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी द्या, तरीही गाडी जॅक स्टँडवर टेकवल्याशिवाय हात आत घालू नका. स्टँड नसेल तर काम गॅरेजातच करा. जॅक खचतो तेव्हा आवाज देऊन खचत नाही.

चाक वर आलं की हाताने फिरवा. थोडी एकसारखी सुळसुळ चालते. फिरवून सोडल्यावर चाकाने एक-दोन फेरे तरी घ्यावेत. मग दुसऱ्याला गाडीत बसवून हँडब्रेक एक-एक दात ओढायला सांगा. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दाताला घासणं सुरू व्हावं, पाचव्या ते आठव्याच्या दरम्यान चाक हाताने फिरेनासं व्हावं. नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतो. दोन्ही चाकं सारखीच धरली पाहिजेत. एक तिसऱ्या दाताला लॉक आणि दुसरं सातव्यालाही मोकळं असेल तर मधला नट फिरवून ते जुळणार नाही, कारण तो नट दोन्ही केबल एकदमच ओढतो. दांडा सोडल्यावर बॅकप्लेटजवळ केबलकडे बघा. ती झटकन परतली पाहिजे. रेंगाळली तर गंज केबलच्या आवरणात आहे. त्यात जुनं इंजिन ऑइल सोडायची पद्धत आहे. चार दिवस केबल सरकते, पाचव्या दिवशी त्या तेलाने धूळ धरून आत लापशी झालेली असते. रबरी टोपी फाटलेली आणि केबल जड, तर केबल बदला. बदलताना जोडीने बदला, म्हणजे ओढ सारखी राहते.

ड्रम काढताना घण नको. बऱ्याच ड्रमवर आटे पाडलेली दोन छोटी भोकं असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने सारखे फिरवले की ड्रम आपसूक बाहेर सरकतो. तरी अडलाच तर झिजलेल्या ड्रमच्या आतल्या कडेला उभी राहिलेली धार शूला अडते. बूच काढून पेचकसाने ॲडजस्टर मागे घ्या. काही लहान गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं आणि मधला मोठा नट काढावा लागतो. तो नट ज्याची कड ठोकून बसवतात त्या जातीचा असेल तर परत वापरायचा नाही, नवा घ्यायचा, आणि टॉर्क पान्यानेच पुस्तिकेतल्या मापाला आवळायचा. हवेच्या गनने अंदाजे आवळलेल्या नटाने बेअरिंग जातं आणि मग ब्रेकचा आवाज घालवायला आलेलं गिऱ्हाईक बेअरिंगचा आवाज घेऊन घरी जातं.

ड्रम निघाला की गॅरेजातला पोरगा हवा भरायची नळी आणून आत फुंकर मारतो. हे बंद झालं पाहिजे. जुन्या आणि बिननावाच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ डोळ्यांना दिसत नाही, फुप्फुसात बसते आणि पुढे कॅन्सरपर्यंत नेते. फुंकर मारणारा पोरगा बहुतेक वेळा सगळ्यांत लहान वयाचा असतो. ब्रेक क्लीनर स्प्रे मारा किंवा साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, धूळ ओलीच खाली पडू द्या, नाकाला मास्क ठेवा. पेट्रोल-डिझेल लायनरला लावू नका.

एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंगा कुठल्या भोकात आहेत याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि शंका आली तर दुसरं चाक नमुना म्हणून शाबूत असतं.

लायनर नवं असताना चारेक मिलिमीटर असतं. दीड मिलिमीटरवर आलं की बदला; रिव्हेटचं असेल तर रिव्हेटच्या डोक्यापासूनची जाडी मोजा. एका चाकाचे शू बदलायचे नाहीत, दोन्ही चाकांचे चारही बदलायचे. लायनर जाड आहे पण काचेसारखं चमकतंय, तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर ठेवून ती चमक उतरवा आणि दोन्ही टोकांच्या धारा कानसने दोन-तीन मिलिमीटर तिरप्या घासून घ्या; चिरका आवाज पुष्कळदा एवढ्यानेच जातो. लायनर ब्रेक ऑइलने किंवा ग्रीसने भिजलेलं असेल तर ते धुऊन वापरता येत नाही. ऑइल आलं कुठून, ते व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने उलटून बघा. आत नुसती ओलसर झाक चालेल. थेंब ओघळला तर सिलिंडर बदला आणि मग ब्रेकमधली हवा काढा, नाहीतर नवा शूसुद्धा आठवड्यात वाया जाईल.

बॅकप्लेटवर उंचवटे असतात, बहुधा एका शूमागे तीन. शू त्यांच्यावर सरकतात. या सहा जागांकडे कुणी बघत नाही, आणि आवाजाच्या अर्ध्या तक्रारी इथेच सुटतात. चिंधीने पुसा, गंज पेपरने काढा, मग बोटाचं नख उंचवट्यावरून फिरवा. नख अडलं तर तिथे खाच आहे. शू त्या खाचेत बसतो आणि टक् करून बाहेर येतो. बारीक खाच कानसने सपाट होते. खोल असेल तर भरून घासून घ्यावी लागते किंवा प्लेट बदलावी लागते. त्यानंतर उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस, एका जागेला तांदळाच्या दाण्याएवढं, बोटाने पातळ पसरवायचं. शू वरच्या आणि खालच्या टोकाला टेकतो तिथे आणि लिव्हरच्या पिनेलाही तेवढंच. बेअरिंगचं किंवा चेसिसचं ग्रीस इथे लावलं की ड्रम तापल्यावर ते पाघळून लायनरवर येतं. जास्त लावलं तरी तेच होतं.

स्प्रिंगांना आपण मोजतच नाही. शू बदलतात आणि दहा वर्षांच्या जुन्या स्प्रिंगा परत अडकवतात. शूला मागे ओढणाऱ्या चांगल्या खेच-स्प्रिंगेचे वेढे ती काढून हातात घेतल्यावर एकमेकांना चिकटलेले असतात. वेढ्यांमध्ये उजेड दिसला की ती ढिली झाली, ती शूला पूर्ण मागे ओढणार नाही. ॲडजस्टरचा दातेरी स्क्रू खोलून साफ करा, आट्यांना ग्रीसचं बोट लावा, हाताने फिरतो का बघा. डाव्या-उजव्या चाकाचे स्क्रू अदलाबदल करू नका: त्यांचे आटे उलट असतात, आणि चुकीच्या बाजूला लावलेला स्क्रू दर वेळी शू फाकवण्याऐवजी आत घेतो.

ड्रमच्या अंगावर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो, मॅक्स असं लिहिलेला. व्हर्नियरने दोन-तीन दिशांनी मोजा. आकड्याजवळ असेल तर लेथकडे नेऊ नका, नवा घ्या. लेथला नेला तर कारागिराला सांगा की शेवटचा हात बारीक फीडचा (हत्यार हळू सरकवून) मारायचा आणि पॉलिश पेपरने आडवं घासून द्यायचं. जाड फीडने ड्रमच्या आत स्क्रूसारखे आटे उठतात. शू त्या आट्यांवर चढत बाहेर सरकतो आणि बॅकप्लेटवर परत आपटतो. नवा शू, ताजा लेथ मारलेला ड्रम आणि तरीही टक्-टक् येत असेल तर कारण हेच.

जुळवताना क्रम चुकवायचा नाही. केबलचा नट आधी पूर्ण सैल. लिव्हरची टाच शूच्या कडेला टेकली हे डोळ्यांनी बघायचं. ॲडजस्टर एवढा फिरवायचा की ड्रम हाताने चढेल आणि हलकासा घासेल. दोन्ही बाजू बंद झाल्या की पायाचा ब्रेक दहा-पंधरा वेळा पूर्ण दाबून सोडायचा. शांत जागी असाल तर मागून ॲडजस्टरची टिकटिक ऐकू येते आणि ती थांबली म्हणजे शू जागेवर आले. आता कुठे केबलचा नट: दांडा पुस्तिकेतल्या दाताला येईल इतकाच. पुन्हा दोन्ही चाकं फिरवून बघायची. रबरी बूच लावायचं. हरवलं असेल तर टायरच्या रबराचा तुकडा कापून घट्ट बसवा, पण भोक उघडं ठेवू नका. नवे शू असतील तर पहिले दीडेकशे किलोमीटर करकचून ब्रेक मारणं टाळा, आणि आठवड्याने दात पुन्हा मोजा.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांबद्दल थोडक्यात. ज्यांच्या कॅलिपरमध्येच (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागात) हँडब्रेक आहे त्यांचा पिस्टन बहुधा फिरवत आत घ्यावा लागतो. पान्याने किंवा पक्कडीने सरळ रेटला तर आतला स्क्रू तुटतो आणि पूर्ण कॅलिपरचा खर्च बसतो. बटणाच्या इलेक्ट्रिक हँडब्रेकला स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय हात लावू नये. स्कॅनर नसेल त्या मेस्तरीने तसं स्पष्ट सांगून गाडी जिल्ह्याला पाठवावी, त्यात कमीपणा नाही.

आणि उभी करतानाची एक सवय. पायाचा ब्रेक दाबा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, मग पाय सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. आधी गिअर टाकून पाय सोडला की चढावर सगळं वजन गिअरबॉक्सवर लोंबतं. ओढताना बटण दाबून ओढलं की दात झिजत नाहीत.

संपादक महोदय, आपल्या पत्राच्या माध्यमातून दोन मागण्या. तालुक्याच्या सुट्या भागांच्या दुकानांत शू सेट मिळतो, पण त्याच्या स्प्रिंगा, खिळे, रबरी बुचं आणि ब्रेकचं ग्रीस मिळत नाही. हे सामान नागपूर-अमरावतीहून मागवेपर्यंत कास्तकाराची गाडी स्टँडवर उभी राहते, म्हणून मेस्तरी जुन्याच स्प्रिंगांवर भागवतो. दुकानदारांनी शूबरोबर हा जोड ठेवावा. सगळं सामान एका डब्यात मावतं. दुसरी मागणी आयटीआयकडे. तिथे मोटार मेकॅनिकचा ट्रेड चालतो, वर्कशॉप आहे, शिक्षक आहेत. दरवर्षी पोळ्याच्या आधी एक दिवस गावोगावच्या गॅरेजवाल्यांना आणि त्यांच्याकडच्या पोरांना बोलावून एक ड्रम उघडून दाखवावा: धूळ ओली करून कशी काढायची, सहा उंचवटे कुठे असतात, लिव्हरची टाच टेकलेली कशी दिसते. आणि गाडीमालकांनी पुढच्या वेळी मेस्तरी दांड्याखालचं कव्हर उचलू लागला की त्याला एवढंच म्हणावं, दादा, आधी ड्रम काढून दाखव, काढायची मजुरी वेगळी देतो.

आपला,
एक मोटार मेकॅनिक
ता. दर्यापूर, जि. अमरावती